छपरावरचा बर्फ

स्वतःच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभाच्या दिवशी सकाळी एल्व्हिन रौटिओ टाय हातात धरून खिडकीशी उभा होता आणि बाहेर पडणाऱ्या बर्फाकडे बघत होता. आठवड्याच्या मध्यावर सुरू झालेला बर्फ शनिवार उजाडला तरी थांबायचं नाव घेत नव्हता. उत्तरेकडच्या हॉटन गावातल्या माणसाला मार्चमधल्या बर्फाचं काही वाटत नाही. फावडं दाराशी असतंच. एरवी एल्व्हिनलाही वाटलं नसतं. पण आजचा समारंभ होता टॅमरॅक शाळेच्या व्यायामशाळेत, माणसं येणार होती दोनशेच्या वर, आणि त्या व्यायामशाळेचं छप्पर हे त्याच्या कंपनीच्या प्रोग्रॅमवर तपासलेलं अगदी पहिलं छप्पर होतं.

“टाय बांधायचाय की वाळत घालायचाय?” त्याची बायको करिन मागून म्हणाली.

“हॉल बदलता येईल का गं?”

“आता? बायका पहाटेपासून शाळेच्या भट्टीत मांस-बटाटे भरलेल्या पास्ट्या भाजतायत. तुला तुझ्याच छपराची भीती वाटायला लागली का?”

“छपराची नाही. वरच्या बर्फाची.”

“हे मी अडतीस वर्षं ऐकतेय,” करिन म्हणाली आणि त्याच्या हातातून टाय घेऊन स्वतःच त्याच्या गळ्यात बांधायला लागली.

गाडी करिन चालवत होती. एल्व्हिन शेजारी बसून वाटेतल्या प्रत्येक घराच्या छपरावर किती बर्फ साठलाय ते मनात मोजत होता. हा त्याचा जुना छंद. लग्नाला, मयताला, कुठेही गेला तरी तो आधी वर बघायचा. आज मात्र छपरं मोजता मोजता सगळी मागची वर्षंच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

तो तिशीतला इंजिनिअर होता तेव्हाची गोष्ट. त्या काळी छपराचा हिशोब करताना बर्फ सगळीकडे सारखा पसरलाय असं धरून चालायची पद्धत होती. प्रत्यक्षात बर्फ असा शहाण्यासारखा कधीच बसत नाही. वारा त्याला एका बाजूला लोटतो, उंच छपरावरून तो खालच्या छपरावर घसरतो, भिंतीच्या आडोशाला त्याचे ढीग होतात. हे सगळ्या इंजिनिअरांना ठाऊक होतं. पण त्या ढिगांचा हिशोब हाताने करायचा म्हणजे एका छपरापायी महिना जायचा, आणि महिनाभर थांबणारं गिऱ्हाईक कोणाकडेच नव्हतं. मग एका रविवारी सकाळी शेजारच्या गावातल्या आइस-हॉकीच्या हॉलचं छप्पर खाली आलं. मुलं चर्चमध्ये होती, म्हणून कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. एल्व्हिन बघायला गेला. अर्धा हॉल जमीनदोस्त झाला होता आणि उरलेल्या भिंतीवर लहान मुलांचे स्केट्स ओळीने टांगलेले तसेच होते. त्या स्केट्सकडे तो बराच वेळ बघत राहिला. घरी आला आणि जेवायच्या टेबलावर त्या ढिगांचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहायला बसला.

कॉम्प्युटर तेव्हा गावात एकच, कॉलेजमध्ये. त्याची राखण करायला बर्नाडेट लव्हाय नावाची एक उंच, रुंद खांद्यांची बाई होती. दिवसा कॉम्प्युटर सांभाळायची आणि संध्याकाळी बायकांच्या हॉकी संघात गोलकीपर म्हणून उभी राहायची. तिने एल्व्हिनचा प्रोग्रॅम चाळला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“हो. का?”

“मला मशीनची दया येतेय.”

“चालतो तरी की नाही?”

“चालतो. माझी गाडीही चालते, फक्त ढकलायला दोघं लागतात.”

पंधरवड्याने तिने बोलावून घेतलं. प्रोग्रॅम तिने मुळापासून नव्याने लिहिला होता. ज्या हिशोबाला आधी अख्खी रात्र लागायची, तो एल्व्हिन कॉफीत साखर ढवळत असतानाच संपला. एल्व्हिन तसाच चमचा हातात धरून उभा राहिला. त्यानंतर तो तिला कधी ‘अहो’ म्हणाला नाही, आणि ती तर आधीपासूनच म्हणत नव्हती असं सगळ्यांना वाटायला लागलं.

दोघांची कंपनी सुरू झाली ती एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत. जागा स्वस्त होती आणि खालच्या वाफेमुळे हिवाळ्यात फुकटात उबदार. एकच भानगड होती. खाली कपडे पिळायचं यंत्र गरगरायला लागलं की वरचं टेबल थरथरायचं आणि फ्लॉपीवर उतरवत असलेलं सगळं काम बिघडायचं. मग बर्नाडेट जिन्यात येऊन खाली ओरडायची, “कोण पिळतंय रे? जरा थांबा, मी एक छप्पर वाचवतेय.” गावातल्या लोकांनाही सवय झाली. ओले कपडे मांडीवर घेऊन बायका मुकाट्याने बाकावर बसून राहायच्या आणि वरून “पिळा” अशी हाक आली की मगच बटण दाबायच्या.

नाव ठेवलं कट्टो. एल्व्हिनची आजी फिनलंडहून आलेली. तिच्या भाषेत कट्टो म्हणजे छप्पर.

“हे नाव कोणाला धड उच्चारता येणार नाही,” बर्नाडेट म्हणाली.

“म्हणून तर लक्षात राहील.”

पहिलं काम मिळालं ते टॅमरॅक शाळेच्या नव्या व्यायामशाळेचं. जुन्या दुमजली शाळेला टेकून बांधायची होती. प्रोग्रॅमने दाखवलं की उंच भिंतीच्या बाजूला बर्फाचा मोठा ढीग होणार, तिथल्या तुळया जाड हव्यात. शाळेच्या समितीत एक लाकडाचा ठेकेदार होता. तो म्हणाला, “कॉम्प्युटर म्हणतोय म्हणून आम्ही जास्तीचं लोखंड घालायचं?”

“कॉम्प्युटर काही म्हणत नाही,” बर्नाडेट म्हणाली. “म्हणतेय मी. तो माझं ऐकतो. तुम्हीही ऐका.”

त्यांनी ऐकलं. पुढच्याच हिवाळ्यात त्या भिंतीशी माणूसभर उंचीचा ढीग झाला आणि आत मुलं खुशाल बास्केटबॉल खेळत होती. ही गोष्ट तोंडोतोंडी विस्कॉन्सिनला गेली, तिथून व्हर्माँटला, मग क्वेबेकला, आणि काही वर्षांनी पार नॉर्वे आणि जपानपर्यंत. लाँड्री सुटली. कंपनी तांब्याच्या खाणीच्या जुन्या दगडी गोदामात आली. तिथे बर्नाडेटने तळघरात सौना बांधून घेतला, आणि शुक्रवारी दुपारनंतर कोणत्याही बैठकीपेक्षा जास्त कामं त्या गरम खोलीत ठरू लागली. नाताळात लोकांकडे एकमेकांच्या कुटुंबांचे फोटो येतात. कट्टोकडे छपरांचे यायचे. पांढऱ्या गाद्या पांघरलेली चर्चं, गोठे, वाचनालयं, आणि मागे लिहिलेलं, ‘अजून उभं आहे.’ जिन्याची अख्खी भिंत त्यांनी भरून गेली होती; माणसाचा फोटो तेवढा एकच, बर्नाडेटचा.

आणि मग बर्नाडेट गेली. भांडण नाही, काही नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती एका परिषदेला ॲरिझोनाला गेली आणि तिथे हारलन ओकरलुंड नावाच्या ठेकेदाराच्या प्रेमात पडली. बाजार आणि बसथांबे यांच्यावर सावलीची छपरं घालायचा त्याचा धंदा. परत आली ती लग्न ठरवूनच.

“तिथे तर बर्फच नाही,” एल्व्हिन म्हणाला. “तू करणार काय?”

“उन्हात बसणार.”

एवढंच बोलणं झालं. त्याला म्हणायचं होतं बरंच काही, पण तो टेबलावरचे आराखडे गुंडाळायला लागला, आणि ते बघून तीही फुगली. दोघंही जातीचे हट्टी. नाताळची कार्डं येत-जात राहिली, पण ती करिन लिहायची आणि तिकडून हारलन.

तीन-चार वर्षांनी एका वसंतात, गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला नव्याने लागलेला वेस्ली सोर्मुनेन एल्व्हिनच्या खोलीत आला. चेहरा लाल झालेला.

“ॲरिझोनाची एक बाई आहे. मिसेस ओकरलुंड. आपला प्रोग्रॅम सावलीच्या छपरांना वापरतात म्हणे. वारा छप्पर खालून उचलतो तो हिशोब आपण चुकीचा करतो असं म्हणतात.”

“आणखी काय म्हणाली?”

“म्हणाल्या, हे ज्याने लिहिलं त्याला एकदा पतंग उडवायला पाठवा.”

एल्व्हिन खुर्चीत मागे रेलून इतका हसला की वेस्ली दचकला.

“ती सांगते तसं करून टाक.”

“आधी तपासून बघू का?”

“बघ ना. पण शेवटी करशील ते तेच.”

ती बाई बरोबर होती. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी तिचा फोन येत राहिला. प्रत्येक वेळी काहीतरी खोट काढायची, वेस्लीला झाडायची, आणि प्रोग्रॅम थोडा आणखी सुधारायचा. शुक्रवारी सौनातून बाहेर पडताना एल्व्हिन सहज विचारल्यासारखं विचारायचा, “ॲरिझोनाचा फोन आला होता का रे?” आला होता असं कळलं की त्याचा शनिवार-रविवार चांगला जायचा. ती कोण ते त्याने कोणालाच सांगितलं नाही, करिनलासुद्धा नाही. सांगितलं असतं तर कोणीतरी फोन त्याच्या हातात दिला असता, आणि मग इतक्या वर्षांचं बोलायचं कुठून सुरू करायचं हा प्रश्न होता. आहे हे बरं चाललंय, असं म्हणून त्याने ते तसंच चालू दिलं.

“उतर,” करिन म्हणाली. “शाळा आली.”

व्यायामशाळेत लांब टेबलं मांडली होती, त्यांच्यावर कागदी आच्छादनं, आणि बास्केटबॉलच्या एका जाळीत कोणीतरी फुगे भरले होते. कंपनीतली सगळी माणसं होती, जुनी गिऱ्हाइकं होती, लाँड्रीवाल्याची मुलगीही आली होती. कंपनी आता त्यात काम करणाऱ्यांच्याच मालकीची झाली होती आणि कारभार वेस्लीकडे आला होता. तो आता पन्नाशीचा, टकलू, पण फोनवर अजूनही तितकाच गरीब. त्याने माईकवर चार शब्द चांगले सांगितले. लोक हसले, टाळ्या झाल्या. एल्व्हिनला त्यातलं काही धड ऐकू आलं नाही. तो भिंतीकडच्या तुळयांकडे बघत होता.

तेवढ्यात दार उघडलं. गुडघ्यापर्यंत बर्फाने माखलेली एक उंच म्हातारी आत आली. अंगात या हवेला अजिबात न शोभणारा पातळ कोट, गळ्यात लाल मफलर. तिला करिनने गुपचूप बोलावलं होतं; विमान अडकल्यामुळे ती उशिरा पोचली होती. एल्व्हिनने तिला चालण्यावरूनच ओळखलं. गोल अडवायला निघाल्यासारखी ती दोन्ही पाय फाकून, सरळ त्याच्यापर्यंत आली. पण तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती वर बघत होती.

“बाहेरून बघितलंस?” बर्नाडेट म्हणाली. “भिंतीशी पार वरच्या वर्गांच्या खिडक्यांना टेकलाय.”

“सकाळपासून तेच सांगतोय मी. कोणी ऐकत नाही.”

“मग उभा काय राहिलास? चल.”

वीस वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं ते एवढंच. एल्व्हिनने कॉफीचा एक रिकामा डबा उचलला, आणि दोघं जिना चढून जुन्या इमारतीच्या वरच्या वर्गात गेले. त्या वर्गाची खिडकी थेट व्यायामशाळेच्या छपरावर उघडत होती. खिडकी गोठून घट्ट बसलेली. दोघांनी मिळून ती वर ढकलली आणि थंड हवा भसकन आत आली. फळ्याजवळची मोजपट्टी घेऊन बर्नाडेट बाहेर वाकली.

“पट्ट्याला धर मला. घट्ट.”

“वजन वाढलंय तुझं.”

“माझं राहू दे, बर्फाचं बघ.”

तिने मोजपट्टी खुपसून खोली मोजली, मग डबा उलटा दाबून वरपासून खालपर्यंतचा बर्फ थोडा थोडा करून काढला. वरचा भुसभुशीत होता, तळाचा ओला आणि जड. दोघं तो घेऊन शाळेच्या स्वयंपाकघरात आले. पास्ट्यांसाठी बटाटे तोलायचा काटा तिथे होता.

“हे काय आता?” एका बाईने विचारलं.

“जरा बर्फ तोलायचाय,” एल्व्हिन म्हणाला. टाय बांधलेल्या उत्सवमूर्तीला नाही कसं म्हणायचं म्हणून तिने बटाटे बाजूला केले.

मग ते टेबलाच्या एका टोकाला बसले आणि कागदी आच्छादनावरच हिशोब मांडायला लागले. एल्व्हिनची पेन्सिल, बर्नाडेटचा चष्मा. ओला थर किती धरायचा यावर लगेच जुंपली.

“तू नेहमीच जास्त धरतोस.”

“आणि तू नेहमीच कमी.”

“मी बरोबर धरते. तू घाबरट आहेस.”

“घाबरट होतो म्हणून हे छप्पर उभं आहे.”

“अरे, मी समितीला दटावलं म्हणून उभं आहे.”

आजूबाजूला हळूहळू माणसं जमली होती. शेवटी दोघांचे आकडे वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आले. वर जेवढा बर्फ होता, जवळजवळ तेवढाच आणखी पडला असता तरी तुळयांना काही झालं नसतं. एल्व्हिनने पेन्सिल खाली ठेवली. आज पहिल्यांदाच त्याचे खांदे सैल झाले.

“छप्पर पास झालं असेल,” करिन म्हणाली, “तर ही माणसं जेवायची थांबलीत.”

पास्ट्यांची ताटं फिरायला लागली. वेस्ली स्वतः वाढत होता. बर्नाडेटने एक घास घेतला आणि कोणाला उद्देशून नाही अशी बोलली, “ते नव्या आवृत्तीत छापायचं बटण कुठे नेऊन लपवलंय? शोधायला माझी अख्खी दुपार गेली. मला वाटलं, आता हारलनलाच आराखडा काढायला बसवावं.”

वेस्लीचा हात ताटावर तसाच थांबला.

“मिसेस ओकरलुंड?”

तिने वळून त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “वेस्ली? आवाजावरून उंच वाटतोस रे.”

“पण तुम्ही इथे कशा?”

“वेस,” एल्व्हिन म्हणाला, “ही बर्नी. आपल्या जिन्यात जिचा फोटो आहे ती.”

“त्या फोटोत तर गोलकीपरचा मुखवटा आहे,” वेस्ली म्हणाला आणि समोरच्या खुर्चीत बसूनच गेला. “म्हणजे ज्यांनी हा प्रोग्रॅम लिहिला, त्यांना मी इतकी वर्षं तो कसा वापरायचा ते समजावत होतो?”

“छान समजावतोस. मधे मधे मला पटायचंही.” मग ती एल्व्हिनकडे वळली. आवाज जरा खाली आला होता. “तुला ठाऊक होतं?”

“पहिल्या फोनपासून. पतंग उडवायला पाठवा असं दुसरं कोण म्हणणार?”

“मग बोलला का नाहीस?”

“तू तरी कुठे मला बोलवायला सांगितलंस?”

बर्नाडेटने पास्टीचा तुकडा मोडला. “मला वाटायचं, तुझी माणसं फार हुशार आहेत. मी सांगितलं की लगेच कामाला लागतात.”

“हुशारच आहेत. पण मीही सांगून ठेवलं होतं.”

“म्हणजे माझं काही चुकलं असतं तरी तुम्ही ते केलं असतं?”

“दोनदा चुकलं,” वेस्ली अगदी हळू म्हणाला. “ते प्रोग्रॅममध्ये घातलं, आणि मग गुपचूप काढलं.”

आधी एल्व्हिन हसला, मग करिन, आणि मग बर्नाडेट अशी हसायला लागली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. डोळे पुसायला तिला हसण्यापेक्षा जरा जास्तच वेळ लागला. एल्व्हिनने तिच्यापुढे आपला रुमाल सरकवला आणि दुसरीकडे बघितलं.

भाषणासाठी लोकांनी टेबलं वाजवली तेव्हा तो उठला. खिशातला लिहिलेला कागद त्याने बाहेर काढला नाही.

“आमचा धंदा विचित्र आहे,” तो म्हणाला. “डॉक्टरला बरा झालेला माणूस दिसतो. शिक्षकाला मोठी झालेली मुलं दिसतात. आमचं काम चांगलं झालं, तर काहीच घडत नाही. मुलं खेळतात, घरी जातात, आणि वर काय होतं हे कोणाला कळतही नाही. तुम्ही सगळे आत्ता जेवताय आणि डोक्यावर काहीच घडत नाहीये. मला इतकी वर्षं हे काहीच न घडणं फार आवडलं. अशा कामाला मला चांगली माणसं मिळाली. एक तर फारच चांगली मिळाली, आणि ते तिला सांगायचं राहून गेलं होतं.”

तो टायची गाठ सैल करू लागला.

“बस आता,” बर्नाडेट म्हणाली, “निवतंय सगळं.” तिने त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढून ठेवली होती. टाळ्या चालूच होत्या तेव्हा तो येऊन त्या खुर्चीत बसला, आणि मग दोघं हारलनविषयी, त्याच्या गुडघ्याविषयी, थंडी म्हणजे फ्रिजमधलं पाणी एवढंच त्याला कसं ठाऊक आहे याविषयी बोलत राहिले. मध्ये मध्ये दोघंही एकदमच बोलायला लागायचे.

सोमवारी विमानं बंदच होती. निवृत्तीच्या त्या पहिल्या सकाळी एल्व्हिनने स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावायला घेतल्या. करिनने त्याच्याकडे बघितलं, डबा भरला, गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, “जा. बर्नी सकाळीच वेस्लीबरोबर कंपनीत गेलीय.”

दगडी गोदामात, वरच्या मजल्यावर, वेस्ली आणि बर्नाडेट एकाच पडद्यासमोर डोकं लावून बसले होते. आजूबाजूला चार-पाच जण उभे होते. छापायचं बटण कुठे हवं याच्यावर जोरात वाद चालला होता, आणि वेस्ली फोनवर कधी बोलला नव्हता इतक्या ठामपणे तिला नाही म्हणत होता.

“आलास?” बर्नाडेट मान न वळवता म्हणाली. “खुर्ची घे. ह्या मुलाला जरा समजाव.”

“मी निवृत्त झालोय,” एल्व्हिन म्हणाला आणि खुर्ची ओढली. “आणि मला तर वेसचं पटतंय.”

विमानं सुरू झाल्याचा निरोप दुपारी आला. तिने तिकीट पुढच्या आठवड्यावर ढकललं, हारलनला फोन करून तसं सांगितलं, आणि एल्व्हिनच्या डब्यातली अर्धी पास्टी न विचारताच उचलली.